हार्वर्डचा ‘जस्टिस’ अभ्यासक्रम : आधी प्रश्न, मग सिद्धान्त

हार्वर्ड विद्यापीठात मायकेल सँडेल यांनी वर्षानुवर्षे शिकवलेला ‘जस्टिस’ हा अभ्यासक्रम २००९ साली चित्रित स्वरूपात सर्वांसाठी खुला झाला. त्याचे बारा भाग आहेत. प्रत्येक भाग पाऊण तासाहून थोडा मोठा, साधारण पंचावन्न मिनिटांचा असून त्यात दोन व्याख्याने आहेत, म्हणजे एकूण चोवीस व्याख्याने. ती यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरही हा अभ्यासक्रम वाचनसामग्रीसह उपलब्ध झाला. तेथे प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागतात. नीतिशास्त्रातील प्रमुख विचारप्रवाह आणि त्यांच्यामागचे विचारवंत समजून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने या बारा तासांची गुंतवणूक करावी का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी येथे देत आहे. उत्तर ‘करावी’ असेच आहे, परंतु त्याला दोन-तीन अटी जोडणे मला आवश्यक वाटते.

हा अभ्यासक्रम मी माझ्या भाचीबरोबर पाहिला. ती नागरी सेवा परीक्षेची तयारी करते आहे. त्या परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, ती २५० गुणांची असते आणि तिच्या अभ्यासक्रमात भारतातील व जगातील नीतिविचारकांच्या योगदानाचा समावेश आहे. एका शिकवणीवर्गाने दिलेल्या टिपणांत या योगदानाची बोळवण चार ओळींत केली होती : बेंथॅम म्हणजे सुख, कांट म्हणजे कर्तव्य, ॲरिस्टॉटल म्हणजे सद्गुण, रॉल्स म्हणजे न्याय. भाचीला या ओळी तोंडपाठ होत्या. मात्र बेंथॅम आणि कांट एका खोलीत बसले तर त्यांचे भांडण नेमके कशावरून होईल, हे तिला सांगता येईना, आणि खरे सांगायचे तर मलाही नीट सांगता आले नाही. म्हणून आम्ही दर रविवारी एक भाग पाहायचे ठरवले. काही भाग दोनदा पाहावे लागल्याने बारा रविवार पुरले नाहीत.

अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या मांडणीच्या क्रमात आहे. पहिल्या व्याख्यानात कोणत्याही तत्त्वज्ञाची व्याख्या येत नाही. ब्रेक निकामी झालेली एक ट्रॉली येते. पुढे रुळांवर पाच कामगार आहेत, बाजूच्या फाट्यावर एकच आहे, आणि चाक फिरवणे तुमच्या हातात आहे. सँडर्स थिएटरच्या भव्य सभागृहात बसलेले बहुतेक विद्यार्थी एकाचा बळी देऊन पाच जणांना वाचवण्याच्या बाजूने हात वर करतात. मग प्रसंग थोडा बदलतो. आता तुम्ही पुलावर उभे आहात, शेजारी एक धिप्पाड माणूस कठड्यावरून वाकून पाहतो आहे, आणि त्याला खाली ढकलले तर ट्रॉली थांबेल. हिशेब तोच असतो, पाचाच्या बदल्यात एक, आणि तरीही वर गेलेले हात खाली येतात. हे का होते, हे सांगताना विद्यार्थी अडखळतात, आणि त्या अडखळण्यातूनच पुढचा सगळा अभ्यासक्रम उलगडत जातो. ट्रॉलीच्या या कोड्याचा उगम ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांच्या १९६७ मधील निबंधात आहे, आणि पुलावरच्या माणसाचा प्रसंग पुढे अमेरिकी तत्त्वज्ञ जुडिथ जार्विस थॉमसन यांनी मांडला. विसाव्या शतकातील नीतिचर्चेला एवढे टिकाऊ उदाहरण देणाऱ्या या दोघींची नावे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवीत, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवते.

ट्रॉली ही शेवटी कल्पनाच आहे, आणि कल्पनेतल्या मृत्यूंचा हिशेब करणे सोपे असते. म्हणून त्याच भागाच्या उत्तरार्धात येणारा खरा खटला मला अधिक मोलाचा वाटला. १८८४ साली ‘मिन्योनेट’ ही छोटी नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली. कप्तान टॉम डडली, एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रुक्स आणि सतरा वर्षांचा पोऱ्या रिचर्ड पार्कर असे चौघे एका होडीत उरले. जवळ गोडे पाणी नव्हते, अन्न म्हणून सलगमाचे दोन डबे होते, आणि पुढे एक कासव हाती लागले. पार्कर समुद्राचे पाणी प्यायला आणि आजारी पडला. विसाव्या दिवसाच्या सुमारास डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्याला ठार मारले, आणि ब्रुक्ससह तिघे त्याच्या देहावर जगले. काही दिवसांनी एका जर्मन जहाजाने त्यांची सुटका केली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी झालेली घटना लपवली नाही. न्यायालयाने ‘गरज’ हा बचाव खुनाला लागू होत नाही असा निर्णय देऊन डडली आणि स्टीफन्स यांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणण्यात आली.

सँडेल हा खटला विद्यार्थ्यांसमोर ठेवतात आणि मग विचारतात, चिठ्ठ्या टाकून बळी ठरवला असता तर चालले असते का? पार्करने स्वतः होकार दिला असता तर? या दोन प्रश्नांवर सभागृहातील मते ज्या रीतीने फुटतात, त्यातून पुढच्या भागांचे तीन धागे हाती येतात. काही हक्क असे आहेत का, की जे कोणत्याही बेरजेपुढे वाकत नाहीत? न्याय्य पद्धत कोणत्याही निकालाला न्याय्य बनवते का? आणि संमतीने कृत्याचा नैतिक रंग का बदलतो? पहिल्याचे उत्तर कांट देतो, दुसऱ्याचे रॉल्स, आणि तिसरा प्रश्न सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून विसाव्या शतकातील अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकपर्यंत सर्वांच्या मागे लागतो. सिद्धान्त असा भेटला की तो पाठ करावा लागत नाही, कारण तो आपल्याच अडचणीवरचे कुणीतरी दिलेले उत्तर असतो.

मराठी वाचकाला ही पद्धत पूर्णपणे परकी नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण अशाच पेचप्रसंगांनी भरलेले आहे. दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र दुसऱ्याच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस चोरायला निघतो, ही शांतिपर्वातील कथा तेथे येते, आणि तिच्या शेजारीच जीव वाचवण्यासाठी चोरी करणे हे कर्तव्यही ठरू शकते, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे मतही येते. ‘मिन्योनेट’चा भाग पाहून झाल्यावर आम्ही ते प्रकरण काढून वाचले. विश्वामित्र मांस चोरतो आणि डडली जीव घेतो, हा फरक साधा दिसतो खरा, पण आपद्धर्माची मर्यादा कोठे आखायची याची चर्चा आमच्या घरात रात्री जेवणापर्यंत चालली.

उपयुक्ततावादाला अभ्यासक्रमाने दुसरा भाग दिला आहे. जेरेमी बेंथॅमने १७८९ मध्ये मांडलेले तत्त्व, म्हणजे ज्या कृतीने एकंदर सुखाची दुःखावर जास्तीत जास्त सरशी होते ती कृती योग्य, हे सुरुवातीला इतके समंजस वाटते की त्याला विरोध कसा करावा हे कळत नाही. मग सँडेल चेक प्रजासत्ताकातील एक अहवाल दाखवतात. फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने करवून घेतलेल्या त्या पाहणीचा निष्कर्ष असा होता की धूम्रपानामुळे सरकारचा फायदाच होतो, कारण धूम्रपान करणारे लवकर मरतात आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा, औषधोपचाराचा व घरांचा खर्च वाचतो. माणसाच्या जिवाचे रुपयांत मोल करणारा हिशेब कोठवर जाऊ शकतो, हे दाखवायला याहून प्रभावी उदाहरण सापडणे कठीण.

परंतु येथेच माझी पहिली तक्रार आहे. या मांडणीत बेंथॅम निव्वळ आकडेमोड करणारा कोरडा माणूस होऊन बसतो. त्याच्या हिशेबात राजाचे सुख आणि मोलमजुराचे सुख सारख्याच वजनाचे होते, आणि अठराव्या शतकात असे म्हणणे हे केवढे धाडस होते, हे प्रेक्षकाला जाणवायला हवे. प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्नच नाही, त्यांना वेदना होतात का हा प्रश्न आहे, असेही त्याच बेंथॅमने लिहून ठेवले. उपयुक्ततावादाचा नैतिक आवेश त्याच्या बेरजेत नाही, ती बेरीज करताना कोणालाही न वगळण्याच्या आग्रहात आहे. हा आग्रह पुरेसा दाखवला असता, तर पुढे कांटने केलेला विरोधही अधिक तुल्यबळ वाटला असता.

जॉन स्टुअर्ट मिलच्या वाट्याला थोडा अधिक न्याय आला आहे. समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस बरा, हे मिलचे म्हणणे तपासण्यासाठी सँडेल वर्गाला ‘हॅम्लेट’मधील स्वगत आणि ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र-मालिकेतील तुकडा दाखवतात. मजा कशात अधिक आली असे विचारल्यावर बहुमत मालिकेला मिळते, आणि श्रेष्ठ आनंद कशात होता असे विचारल्यावर शेक्सपिअरला. सुखासुखांत प्रतीचा फरक असतो हे मान्य केले की तो फरक मोजायला सुखाबाहेरचे माप लागते, ही मिलची अडचण इतक्या सहजपणे उघडी पडते की शिकवण्याच्या कौशल्याचे कौतुक वाटते. हा मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि त्याच्या विचारांचा ठसा आगरकरांच्या लेखनावर उमटला. त्यामुळे मराठी वाचकाने तरी मिलला केवळ परीक्षेतील एक नाव मानू नये.

लॉक आणि नोझिक यांच्यावरचे भाग मला सरासरी वाटले. स्वतःच्या देहावर आपली मालकी असल्याने श्रमाच्या फळावरही ती आहे, मग करआकारणी म्हणजे सक्तीची मजुरी नव्हे का, हा रॉबर्ट नोझिकचा १९७४ मधील युक्तिवाद बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या कमाईच्या उदाहरणाने समजतो. मात्र त्यावरची विद्यार्थ्यांची चर्चा लांबत जाते. येथे घाई असलेल्या प्रेक्षकाने पुढे सरकायला हरकत नाही.

सहाव्या आणि सातव्या भागांत मात्र मुळीच घाई करू नये. इमॅन्युएल कांटचे १७८५ मधील नीतिविषयक लेखन मूळ स्वरूपात वाचताना भल्याभल्यांची दमछाक होते, आणि ते येथे एका दुकानदारापासून सुरू होते. एक अनुभव नसलेले गिऱ्हाईक दुकानात येते. दुकानदार त्याला फसवत नाही, पण त्याचे कारण एवढेच की बाहेर कळले तर धंदा बसेल. कांटच्या दृष्टीने या प्रामाणिकपणाला नैतिक मोल नाही, कारण कृती कर्तव्याला धरून असली तरी ती कर्तव्यबुद्धीने केलेली नाही. तेथून सँडेल स्वातंत्र्याच्या अर्थाकडे वळतात. भूक लागली म्हणून खाणे, मोह झाला म्हणून विकत घेणे हे कांटच्या लेखी स्वातंत्र्य नव्हेच, कारण तेथे वासना आज्ञा करते आणि आपण ती पाळतो. स्वतःच्या विवेकाने स्वतःला घालून दिलेला नियम पाळणे हेच स्वातंत्र्य. म्हणूनच त्याच्या मते कर्तव्य आणि स्वातंत्र्य यांच्यात विरोध नाही. भाचीच्या टिपणांतील ‘कांट म्हणजे कर्तव्य’ ही ओळ अर्धीच का आहे, हे आम्हा दोघींना येथे उमगले.

सातव्या भागात तो प्रसिद्ध पेच येतो. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे, दारात मारेकरी उभा आहे, आणि तो विचारतो, तुझा मित्र आत आहे का? १७९७ मधील एका छोट्या निबंधात कांटने उत्तर दिले की तेव्हाही खोटे बोलू नये. सँडेल कांटच्या बाजूने एक वाट काढतात : खोटे बोलायचे नाही, पण खरे असूनही दिशाभूल करणारे वाक्य बोलायचे. तासाभरापूर्वी मी त्याला रस्त्याच्या टोकाला पाहिले होते, असे काहीतरी. अशा वाक्यात सत्याच्या नियमाला दिलेली मानवंदना शिल्लक राहते, असा त्यांचा मुद्दा आहे, आणि त्यासाठी ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या शब्दच्छलाची ध्वनिचित्रफीतही दाखवतात.

येथे भाचीने चित्रफीत थांबवली आणि म्हणाली, “मावशी, हे तर ‘नरो वा कुंजरो वा’ झाले.” तिचे म्हणणे अचूक होते, आणि त्याने आमच्या पुढच्या दोन संध्याकाळी घेतल्या. महाभारताने हा पेच दोन ठिकाणी मांडला आहे आणि दोन्ही ठिकाणी कांटच्या व सँडेल यांच्या उलट कौल दिला आहे. अश्वत्थामा मेला असे मोठ्याने आणि हत्ती हा शब्द अस्पष्टपणे उच्चारणाऱ्या युधिष्ठिराचा, जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ त्या क्षणी खाली टेकतो. शब्दांत सत्य सांभाळून केलेली दिशाभूल त्याला वाचवत नाही. उलट कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना खरा सांगितला, ती माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. तेथे सांगितलेला नियम असा आहे : न बोलता सुटका होत असेल तर बोलू नये, पण बोलणे भागच पडले किंवा गप्प राहण्याने संशय येत असेल, तर अशा वेळी सत्यापेक्षा असत्य श्रेयस्कर. टिळकांनीही सत्याच्या अपवादांची चर्चा करताना या प्रसंगाचा आधार घेतला आहे. कांट चूक आणि महाभारत बरोबर असा निकाल मला द्यायचा नाही. आणीबाणीच्या प्रसंगी ज्याचा त्याने अपवाद करायचा ठरवला तर नियम उरतो कोठे, हा कांटचा प्रश्न कौशिकाच्या कथेने मिटत नाही. परंतु हार्वर्डच्या वर्गातील प्रश्नाला आपल्या घरातल्या कथेने इतके थेट प्रत्युत्तर द्यावे, हा अनुभव मला या अभ्यासक्रमाने दिला, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

जॉन रॉल्स यांच्यावरचा आठवा भाग सुबोध आहे. आपली जात, वर्ग, बुद्धी, प्रकृती यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नाही अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून समाजाचे नियम ठरवायचे, ही त्यांची १९७१ मधील कल्पना आपल्याकडे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. यश केवळ मेहनतीचे असते असे मानणाऱ्यांसाठी सँडेल वर्गातल्या पहिल्या अपत्यांना हात वर करायला सांगतात, आणि निम्म्याहून कितीतरी अधिक हात वर जातात. मेहनतीची सवयसुद्धा जन्मक्रमासारख्या अपघाताने मिळत असेल, तर तिचे श्रेय किती घ्यायचे, हा प्रश्न त्या हातांकडे पाहताना आपोआप मनात येतो.

नववा भाग पाहताना सावध राहावे. विद्यापीठ प्रवेशातील वंशाधारित प्राधान्यावरची ही चर्चा शैक्षणिक प्रतिकूलतेची भरपाई, ऐतिहासिक अन्यायाचे परिमार्जन आणि वर्गातील विविधता अशा तीन समर्थनांभोवती फिरते. आपल्याकडील आरक्षणाला संविधानाचाच आधार आहे आणि त्याची चर्चा सामाजिक व शैक्षणिक मागासलेपणाभोवती होते. त्यामुळे तेथील युक्तिवाद जसेच्या तसे उचलून उत्तरपत्रिकेत घालणे चुकीचे ठरेल. शिवाय २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी वंशाधारित प्रवेशपद्धत अवैध ठरवली, आणि त्या खटल्यात खुद्द हार्वर्डच प्रतिवादी होते. शेवटच्या भागातील समलिंगी विवाहाची चर्चाही, त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये असे विवाह अमेरिकेत सर्वत्र वैध ठरवले त्यापूर्वीची आहे. युक्तिवाद शिळे झालेले नाहीत, पण कायद्याची स्थिती बदलली आहे, हे लक्षात ठेवूनच हे भाग पाहावेत.

ॲरिस्टॉटल उशिरा, नवव्या भागाच्या उत्तरार्धात प्रवेश करतो. उत्तम बासरी कोणाला द्यावी? सर्वांत श्रीमंताला नव्हे, सर्वांत देखण्यालाही नव्हे, तर उत्तम वाजवणाऱ्याला, कारण बासरीचे प्रयोजनच चांगले वाजवले जाणे हे आहे. हे तत्त्व पायाच्या व्याधीमुळे चालणे अवघड झालेल्या केसी मार्टिन या गोल्फपटूच्या खटल्याला लावले जाते. त्याला स्पर्धेत गाडी वापरू द्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी चालणे हा गोल्फचा गाभा आहे का, हे आधी ठरवावे लागते, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. उदाहरण सुरेख आहे. परंतु सद्गुण सवयीने कसा घडतो, शौर्य हे भ्याडपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले कसे, हा ॲरिस्टॉटलच्या नीतिविचाराचा जिव्हाळ्याचा भाग येथे धावता उरकला आहे.

यामागचे कारण प्रेक्षकाला ठाऊक असावे असे मला वाटते. सँडेल हे केवळ सूत्रधार नाहीत, या वादात त्यांचा स्वतःचा पक्ष आहे. १९८२ मध्ये त्यांनी रॉल्सवर सविस्तर टीका करणारे पुस्तक लिहिले, आणि माणूस हा आपल्या समाजापासून, नात्यांपासून, इतिहासापासून सुटा काढता येत नाही, ही त्यांची भूमिका तेव्हापासून कायम आहे. अभ्यासक्रमाची वाट बेंथॅमपासून निघून कांट आणि रॉल्स ओलांडून ॲरिस्टॉटलच्या दिशेने त्याच भूमिकेपाशी पोहोचते. ते हे लपवत नाहीत आणि विरोधी मताच्या विद्यार्थ्याला पुरेसा वेळही देतात. पण ज्याचा क्रम शेवटचा त्याचे म्हणणे अधिक पटते, हा मनाचा धर्म आहे.

अभ्यासक्रमात काय नाही, हेही सांगायला हवे. स्त्रियांच्या अनुभवातून आलेला, नात्यांतील काळजीला नीतीचा पाया मानणारा कॅरल गिलिगन यांच्यापासून सुरू झालेला विचार येथे नाही. भारतीय किंवा चिनी परंपरेतील कोणीही नाही. पाश्चात्त्य राजकीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात ते असलेच पाहिजेत असा माझा आग्रह नाही, पण परीक्षेसाठी पाहणाऱ्याने बुद्ध, गांधी आणि आंबेडकर यांचा अभ्यास वेगळा करावा लागेल, हे गृहीत धरावे.

सँडेल यांचे इंग्रजी स्वच्छ आणि संथ आहे. विद्यार्थी मात्र भरभर आणि कधी तोंडातल्या तोंडात बोलतात, तेव्हा अक्षरपट्टी (सबटायटल्स) सुरू ठेवलेली बरी. एकट्याने पाहण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून पाहावे, मतदानाच्या वेळी चित्रफीत थांबवून स्वतःचे मत आणि त्याचे कारण वहीत लिहावे, आणि मगच पुढे जावे. दुसरा भाग पाहून झाल्यावर बेंथॅमविषयी आणखी थोडे वाचावे. आणि सातवा भाग लावण्याआधी कर्णपर्वातील कौशिकाची कथा वाचून ठेवावी.